फुग्याच्या बाह्यांचं वर्ष

लग्नानंतर मी जळगावला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी फुग्याच्या बाह्या परत आल्या. परत, हे मला मी जिथे शिवायला जायचे त्या अक्कांनी सांगितलं. माझ्या लेखी त्या नव्याच होत्या. कॉलेजच्या पोरी मासिकातली पानं फाडून आणायच्या, काचेच्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, अगदी अशी बाही, खांद्यावर उभी राहिली पाहिजे. अक्का हसायच्या. त्यांच्या लग्नात त्यांनी तशाच घातल्या होत्या म्हणे, मग वीस-पंचवीस वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता ही धावपळ.

अक्का मूळच्या धुळ्याच्या. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशीन टाकून त्या बायकांचे कपडे शिवून द्यायच्या. माझं माहेर साक्रीच्या पलीकडे डोंगरात, सातवीला शाळा सुटलेली. नवरा डाळ मिलमध्ये कामाला. या गावात माझं दुसरं कुणीच नव्हतं. दोन गाड्या बदलून आईकडे जायला दिवस मोडायचा, म्हणून वर्षातून एकदा अखाजीच्या सणालाच जायचे. अक्कांनी मला आधी हूक लावायला बसवलं, मग मशीनवर, आणि त्या उन्हाळ्यात कापायला कात्री दिली. तेव्हापासून मला रोज वाटायचं, आज काहीतरी चुकेल आणि त्या कात्री काढून घेतील.

एक अडचण होती. आमच्या बाह्या फुगायच्या, पण एका धुण्यात लोळायच्या. तेवढ्यात लग्नसराईच्या ऐन गर्दीत फैजपूरहून एक मावशी आल्या. केळीवाल्या घरच्या, हातात कापडी पिशवी. त्यात लेकीच्या शालूचा ब्लाउजपीस, लेकीचा रोजचा एक ब्लाउज आणि मलमलीत गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा लग्नातला ब्लाउज. अक्का कुणाच्या तरी हळदीला गेलेल्या, म्हणून पिशवी मीच घेतली. मावशींनी जुना ब्लाउज वर काढून दाखवला.

"मले अशीच बाही पाह्यजे पोरीले. लग्न आठ दिवसांवर आलं. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

आमच्याकडे कुणी अंगाचं माप देत नसे. अंगावर नीट बसणारा एखादा ब्लाउज आणायचा, पिशवी टेकवायची आणि निघायचं. टेप फक्त कापडावर फिरायची. कोण बाई परक्या खोलीत हात वर करून उभी राहणार?

मावशी गेल्यावर मी तो जुना ब्लाउज मांडीवर घेतला आणि खांद्याची शिवण दोन बोटं उसवून आत डोकावले. आत चुण्यांखाली जाळीच्या कडक कापडाची एक दुमडलेली पट्टी होती. बाहेरून दिसायची नाही, आणि सगळा फुगा तिच्यावर उभा. मला इतका आनंद झाला की शेजारच्या मशीनवरच्या बाईला मी हलवून दाखवलं. चुण्या कुठून कुठवर, पट्टी किती रुंद, सगळं कागदावर काढलं. आणि त्याच भरात, हात थांबेचना म्हणून, शालूचा तो पीस पसरला आणि जुन्या ब्लाउजवरून कापून टाकला. पुढचा भाग, पाठ, बाह्या, सगळं. लेकीचा रोजचा ब्लाउज पिशवीत तळाशी तसाच राहिला.

संध्याकाळी मी शिवून हँगरला लावला. बाह्या अशा उभ्या राहिल्या की अक्का आल्या आल्या दारातच थांबल्या. मग त्यांनी पिशवीतून लेकीचा ब्लाउज काढला आणि नव्यावर ठेवला. दोन्ही बाजूंनी नवा दोन-दोन बोटं आत. शिवणीत माया, म्हणजे सैल करायला जादा कापड, सोडलेली तीही कमीच. मावशी लग्नात सोळा वर्षांच्या काडीसारख्या असणार. लेक चांगली भरलेल्या अंगाची. बाही पाहिजे होती आईची, अंग पाहिजे होतं लेकीचं.

"आते काय व्हई, अक्का?" माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं.

अक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ब्लाउजची घडी घातली, पिशवीत ठेवला. असा पीस दुकानात मिळत नाही, तो शालूबरोबरच येतो, हे मलाही कळत होतं.

"कापलं तू, तर सांगायला पण तूच जायचं. सकाळची पहिली गाडी धर."

बसमध्ये मी पिशवी छातीशी धरून बसले. तापीचा पूल केव्हा गेला कळलं नाही. मनात एकच, ही बातमी जळगावात पसरली तर माझ्या हातात पुन्हा हूकच येतील, आणि ते सुद्धा आले तर.

मावशींच्या अंगणात मांडव उभा राहत होता, ओसरीवर बायका शेवया वाळवत होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं, कारण बाजूला बोलावण्याइतकं धैर्यच नव्हतं. चूक माझी, अक्कांची नाही, हे दोनदा सांगितलं. मावशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. नवरी आतून आली, पिशवीतून ब्लाउज काढला आणि बाह्यांकडे बघतच राहिली. घालून पाहिला तर समोर चार बोटं उघडा.

"माय, तू एवढीशी व्हतीस?" ती म्हणाली, आणि नवरीची आत्या इतकी हसली की तिच्या हातातली शेवयांची काठी पडली. वहिनी लग्नात उभी राहिली तर अंतरपाटामागे कुणी आहे की नाही हे पाहावं लागलं होतं, असं ती म्हणाली. मावशींचा चेहरा सैल झाला, पण डोळे पिशवीवरच.

तेव्हा मी भीत भीत बोलले. शालूचं आतलं टोक, निऱ्यांच्या आधी कमरेत खोचलं जातं ते, तिथून वीतभर कापड मिळालं तर दोन्ही बगलांखाली कळ्या, म्हणजे तिकोनी तुकडे, घालता येतील. हात खाली असला की दिसणार नाहीत.  न नेसलेल्या लग्नाच्या शालूला कात्री लावायची नसते. मावशींनी मान हलवली, नही.

"आणि हा पीस काय झाडाला लागला व्हता?" नवरी म्हणाली. "त्यो बी शालूतूनच कापला ना. मले ह्याच बाह्या पाह्यजे."

आत्या म्हणाली, पोरीचं खरं आहे. मावशींनी बराच वेळ शालूची घडी हातात धरली, मग देवासमोर हळदकुंकू लावून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. कात्रीही त्यांच्याच घरची. मी कात्री उचलली तशा त्या शालूचं दुसरं टोक ताणून धरून बसल्या.

घरात हातमशीन होतं. मी ओसरीवरच शिवायला बसले. शेवयांचं काम बाजूला राहिलं, सगळ्या माझ्याभोवती. नवरीनं घातला तेव्हा हूक आरामात लागले, हात वर केला तरी ताण नाही, आणि बाह्या खांद्यावर दोन कमळकळ्यांसारख्या उभ्या. काय तो गोंधळ! प्रत्येकीला स्वतःच्या लग्नातली बाही आठवली. कुणाची लांब, कुणाची आखूड, कुणाची सासूनं उसवून सरळ केलेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की जुनी फॅशन पेटीत झोपून नसते, ती बायकांच्या दंडांना आठवत असते.

निघताना मावशी दारापर्यंत आल्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की चाळिशीच्या बाईनं फुग्याची बाही घातली तर लोक हसतील का. मी म्हटलं, हसतील, मावशी, पण बघतील पण. त्या लाजल्या. मग म्हणाल्या, "तर मग तूच काप. दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नही, असं सांग तुझ्या अक्काले."

मी त्यांचा निरोप घेऊन दिवेलागणीला जळगावात पोचले. अक्का शेवटच्या गिऱ्हाइकाचं काम उरकत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, नवरीचं बोलणं, आत्याची काठी, मावशींनी ताणून धरलेलं टोक. त्या ऐकत राहिल्या, मान खाली, हातातली सुई न थांबवता.

"शालूच्या काठाला धक्का लागला नाही ना?"

"नाही, अक्का."

"मग उद्या लवकर ये. लग्नाचे सहा ब्लाउज कापायचे पडलेत."