हँग होणारा कॉम्प्युटर आणि आईचा कान

आज दुपारी लेकीचा कॉम्प्युटर सारखा हँग व्हायला लागला, तसा मी आधी कॅबिनेटला कान लावला. "बाबा, काय ऐकताय?" म्हणून ती हसली.

मित्रांनो, हे मी आईकडून शिकलो.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. सांगलीत हळदीच्या गोदामामागं आमचं घर. आई शिवणकाम करायची. माझा डिप्लोमाचा प्रोजेक्ट दोन दिवसांवर आला होता आणि कॉम्प्युटर कधीही मध्येच गोठायचा. दोनदा फॉरमॅट मारूनही फरक पडला नाही.

आई शिलाई मशीनवरून म्हणाली, "आरं, बंद पडायच्या आधी आतला पंखा घरघरतोय बग."

"तुला त्यातलं काय कळतंय?" मी खेकसलो. तिचा चेहरा उतरला आणि ती पुन्हा मशीन चालवायला लागली.

शेवटी मी कॅबिनेट उघडलंच. पंख्यात पिवळी धूळ घट्ट बसलेली, त्यामुळं आतला भाग तापून कॉम्प्युटर गोठत होता. आईनं मशीनचा ब्रश आणून एकेक पातं साफ केलं, तेलाचा थेंब सोडला. प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. माफी मागायची राहून गेली.

आज फोन करून मागितली. "कवाचं रं? मला आठवत बी न्हाई," म्हणाली.

मला मात्र तिचा तेव्हाचा उतरलेला चेहरा अजून दिसतो.

तुमचंही कुणाला असं काही सांगायचं राहिलंय का?