ब्रेकेज झालं

दापोड्याच्या गोडाउनात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सुपरवायझरांच्या राज्यात कधी कुणाच्या हातून काही फुटत नसे. तिथे ब्रेकेज व्हायचं. तेलाचा डबा गळला की लीकेज, माल कमी भरला की शॉर्टेज. ब्रेक असो, लीक असो की शॉर्ट, इंग्रजी शब्दाला मागून ‘एज’ जोडलं की त्यात चुकणारा माणूस उरत नाही, हे त्यांना कधीतरी उमगलं होतं. पुढे मराठीही त्यातून सुटली नाही. जेवणाचा डबा उघडून म्हणायचे, “आज तिखटेज जरा जास्त हाय.” बायकोचं नाव मात्र काढायचे नाहीत.

एका दुपारी अंजूरहून पॅकिंगला येणाऱ्या ताईंच्या हातून काचेच्या ग्लासांचा खोका निसटला. आवाज ऐकून शेठ केबिनमधून आले.

“ब्रेकेज झालं, शेठ,” सुपरवायझर म्हणाले.

“वो तो दिख रहा है. गिराया किसने? उसको आज ही निकालता हूं.”

ताई खाली बघत राहिल्या. सुपरवायझरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

“मी पाडला.”

इतकं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. शेठ सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते बोलले, पण त्यांना काढून गोडाउन चालणार नव्हतं. शेवटी ते केबिनमध्ये परतले. ताईंना रडू आवरेना.

“रडू नको ताई,” सुपरवायझर म्हणाले. “माझं थोडं डॅमेज झालं, दुसरं काय न्हाय. झाडू आण.”