अकाली पिवळी पात

नेलिस वार्मरडामला नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला 'शोध्या' म्हणत. वाळूच्या टेकड्यांमागच्या या रेताड पट्ट्यात ज्याने ट्यूलिपचे कंद लावले, त्याला वसंतात शोध्या लागतोच. रोपं टीचभर वर आली की वाफ्यांमधून वाकून चालायचं, आजारी रोप ओळखायचं, कंदासकट उपटायचं आणि गोणीत भरून शेताबाहेर न्यायचं. नेलिसने हे एकोणचाळीस वर्षं केलं. झगझगीत उन्हात पानावरचा रोग दिसत नाही, म्हणून हा गडी काळी छत्री उघडून फिरायचा, आणि ती स्वतःच्या डोक्यावर नाही, रोपांच्या डोक्यावर धरायचा. नवखे हसायचे. हसून झालं की त्यालाच बोलवायचे.

जिभेला मात्र हाड नव्हतं. "सिमन, हे शेत नाही, दवाखाना आहे," असं त्याने शेजाऱ्याला चारचौघांत सुनावलं आणि अख्खा वाफा उपटायला लावला. सिमनची बायको रडली, तरी याने भीक घातली नाही. "एक ठेवलं की शंभर जातात," एवढंच म्हणाला. सिमन वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, पण पुढच्या वसंतात बोलवायला स्वतः आला.

नेलिसची मुलगी लिडविन. तिचा नवरा योस्ट दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. जाताना मागे एक ट्यूलिप ठेवून गेला. बी पेरून, निवडून, चौदा वर्षं खपून त्याने तो तयार केला होता. जांभळट रंग, कडेला दुधाळ रेघ. त्याला अजून नावसुद्धा दिलेलं नव्हतं. घरामागच्या चार वाफ्यांत जेवढे कंद होते तेवढेच, बाकी जगात कुठेही नाहीत. लिडविनकडे योस्टचं दुसरं काही उरलं नव्हतं, मूलबाळही नाही.

शोध्याने घरचं रान तपासू नये, दुसऱ्याला बोलवावं, असा या धंद्यातला रिवाज आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. लिडविनने ऐकलं नाही. "तुम्ही असताना परका माणूस कशाला, बाबा?" नेलिसला हे ऐकून बरं वाटलं आणि तो हो म्हणाला. चुकला तो इथेच.

मार्च सरत आला होता. तिसऱ्या वाफ्यात एक रोप खुरटलेलं दिसलं. पान एका अंगाला मुरडलेलं, बुंध्याशी राखाडी बुरा. याला इकडे आग म्हणतात. नेलिस उपटायला वाकला, तेवढ्यात वाफ्याच्या टोकावरून लिडविन ओरडली, "बाबा, एकूण एक रोप वर आलंय! योस्टचं एकही वाया गेलं नाही!" आणि ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा. नेलिसचा हात आखडला. ती आत गेली की काढू, असं त्याने ठरवलं. ती आत गेली तेव्हा पाऊस सुरू झाला, तो तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी आजूबाजूच्या रोपांनी ते खुरटं झाकून टाकलं होतं. मेलं असेल आपोआप, असं त्याने मनाला समजावलं. दुसऱ्या कोणाच्या शेतात त्याने हे कारण ऐकूनही घेतलं नसतं.

एप्रिलअखेरीस फुलं आली, बघायला गाव लोटलं. मग रीतीप्रमाणे फुलांची मुंडकी खुडली आणि पात तशीच ठेवली. फुलानंतर पातीला हात लावायचा नाही. ती सावकाश पिवळी होते आणि अंगातलं सगळं कंदात उतरवते. दिसायला शेत बावळं दिसतं, पण खरी कमाई त्याच सहा आठवड्यांत असते.

मे महिन्यात समुद्रावरून रोज धुकं येऊ लागलं. दुपारपर्यंत पात ओली. तिसऱ्या वाफ्यात टेबलाएवढा पिवळा डाग उमटला.

"यंदा पात लवकर पिकतेय, बाबा," लिडविन खुशीत म्हणाली.

नेलिसने छत्री उघडली आणि गुडघ्यावर बसला. आपल्या मरणाने मरणारी पात टोकाकडून पिवळी होत खाली येते. ही मधूनच सडत होती, राखाडी ठिपके, कडेने पाणचट. ही आग होती. "हं," एवढंच म्हणून त्याने छत्री मिटली. आठ दिवसांत डाग चौथ्या वाफ्यात पोचला.

कुंपणापलीकडून सिमन म्हणाला, "काय शोध्या, पात लवकर झोपली?"

"ऊन फार आहे."

"ऊन? मी अजून लोकरीचा सदरा घालून फिरतोय."

सिमनने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने आपल्या माणसांना कुंपणाच्या बाजूने जायची मनाई केली.

नेलिसला जेवण जाईना. हिरवी पात आत्ताच कापून बाहेर नेली तर आग कंदात उतरणार नाही, पण उपाशी कंद वाटाण्याएवढेच राहतील आणि निम्मे तरी मरतील. नाही कापली तर एकही राहणार नाही. धुक्याची प्रत्येक सकाळ काही कंद घेऊन जात होती, आणि तो मूग गिळून बसला होता. शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. लिडविन पावाला लोणी लावत होती.

"पात कापायला हवी. आजच. सगळी."

"हिरवी पात?" ती हसली. "डोकं ठिकाणावर आहे ना, बाबा?"

"आग लागलीय तिला."

तिच्या हातातली सुरी थांबली. "कशी लागेल? तुम्ही एकेक रोप बघितलं होतं. नजरेतून सुटलं का एखादं?"

हो म्हणायचं होतं फक्त. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना तिने माफ केलं असतं.

"सुटलं नाही. दिसलं होतं मला. मार्चमध्ये."

"मग?"

"तू हसत होतीस, पोरी."

तिने सुरी खाली ठेवली. मग खुंटीवरचा विळा घेऊन बाहेर गेली. दुसरा विळा घेऊन तोही मागोमाग निघाला. वाफ्याजवळ तिने हात आडवा केला.

"तुम्ही बाहेरच थांबा, बाबा. आत पाय ठेवू नका."

मग ती कुंपणापाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "सिमनकाका, जरा येता का? योस्टची रोपं बघायला माणूस हवाय."

सिमन आला. नेलिसकडे न बघता तो तिसऱ्या वाफ्यात वाकला.