बाजूला सारलेला फेस

पाणी तपासणीच्या कचेरीत त्याला सगळे ‘बाटली’ म्हणत. सकाळी तो पिशवी खांद्याला अडकवून निघाला, की शिपाई हमखास विचारी, “काय, आज किती बाटल्या?” “चार,” तो गंभीरपणे सांगे, “आणि चारही ओढ्याच्याच.” एकोणीस वर्षं हाच विनोद चालला होता आणि दोघांनाही तो शिळा वाटत नव्हता.

काम साधं होतं. कापड रंगवण्याच्या कारखान्याचं सांडपाणी जिथे ओढ्याला मिळतं, त्याच्या जरा खाली वाकायचं. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, भरायची, चिठ्ठी बांधून प्रयोगशाळेत द्यायची. अहवाल यायचा, ‘पाणी मर्यादेत.’ त्याला बरं वाटायचं.

तिथूनच थोडं खाली त्याची धाकटी बहीण लोकांचे कपडे धुवायची. काही वर्षांपासून तिच्या हातांची सालं निघत होती.

“दादा, पाण्यात काहीतरी आहे रे. मासे गेले, बेडूक गेले, आता माझी बोटं. सोडू का हे काम?”

“साबण बदलून बघ. मी स्वतः भरतो ना बाटल्या? कागद खोटं बोलत नाही.”

“कागदाला कुठे हात असतात,” ती म्हणाली. पण भावाच्या शब्दाखातर राहिली. तिने तीनदा साबण बदलला. शेवटी तिची मूठच मिटेना, आणि कपडे देणाऱ्यांनी कपडे देणं बंद केलं.

तरीही सवयीने ती सकाळी ओढ्यावर येऊन बसे. एकदा तो वाकलेला असताना ती त्याच्या शेजारीच उभी होती. त्याने डाव्या हाताने फेस हलकेच बाजूला सारला, तेलाचा तवंग लांब ढकलला, आणि नितळ दिसलं तिथे बाटली बुडवली.

“हे काय केलंस?”

“काय?”

“फेस का सारलास?”

“मग घाण कशाला भरायची बाटलीत...” म्हणता म्हणता त्याचं लक्ष स्वतःच्याच डाव्या हाताकडे गेलं.

लहानपणी आईने दोघांना याच ओढ्यावर शिकवलं होतं. हंडा बुडवायच्या आधी वरचं पाणी हाताने सारायचं, पानं, काड्या लांब गेल्या की मग भरायचं. नोकरी लागल्यावर बाटली किती वेळा विसळायची ते साहेबांनी सांगितलं. हात कसा चालवायचा ते कोणी सांगितलं नाही, आणि तो भरताना कोणी पाहिलंही नाही.

“दर वेळी?” तिने विचारलं.

“दर वेळी.”

ती चिडली असती तर त्याला सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, “आता आहे तसं भर.”

अहवाल आला. तेल आणि रसायनं मर्यादेच्या सातपट. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, “जागा बदललीत का?”

“जागा तीच. मी आजवर फेस बाजूला सारून भरत होतो.”

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी जुन्या अहवालांचं कपाट उघडलं. तो तिथे थांबू शकला नाही.

कागद घेऊन तो बहिणीकडे गेला. तिला तो धरता येईना, म्हणून त्यानेच वाचून दाखवला.

“म्हणजे साबणाचा दोष नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता.”

“बरं झालं कळलं. मला वाटायचं, माझंच अंग खराब.”

त्याला माफी मागायची होती. वाटेत शब्दही जुळवले होते. त्याने कागदाची घडी घातली.

“बस, पाणी देते,” म्हणत ती उठली. कोपऱ्यातल्या माठाचं झाकण तिने मनगटाने सरकवलं. पाणी स्वच्छ होतं, वर काडीही नव्हती. तरी तांब्या बुडवण्याआधी तिची वाकडी बोटं सवयीने पाण्यावरून फिरली, काहीतरी बाजूला सारल्यासारखी.

फिरता फिरता बोटं मध्येच थांबली. तिने भावाकडे वळून पाहिलं नाही.

दोन्ही तळहातांत धरून तिने तांब्या त्याच्यापुढे केला. त्याने घेतला, आणि न पिता तसाच मांडीवर धरून बसला.