विहिरीतला कारकून

२ मार्च, रविवार, सकाळी साडेअकरा, साताऱ्यातलं आमचं घर. रक्कम रुपये बारा हजार. हजर: मी, माझी पत्नी, पाटणहून एसटीनं आलेला माझा मित्र आणि पुण्याचा एक तरुण, ज्याला एका फाटक्या पुस्तकासाठी एवढे पैसे द्यायचे होते. चौघांपैकी एकाचं डोकं ठिकाणावर नाही, असं पत्नीचं मत होतं. तो एक कोण, हे मत मात्र दुपारपर्यंत बदलत गेलं.

पुस्तक म्हणजे एका खेळाचे नियम. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. तीन-चार माणसांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं पंच होऊन एखाद्या गुहेचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी आपण योद्धा आहोत, चोर आहोत असं धरून पुढं काय करणार ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा आणि पुस्तकातली कोष्टकं ठरवणार. एवढंच. मोठ्या माणसांनी खोटं बोलायचं आणि त्याचा हिशेब मात्र खरा ठेवायचा, असा हा खेळ आहे. मी पतसंस्थांचं ऑडिट करतो, त्यामुळे मला तो फारसा परका वाटला नाही.

पुस्तक आमच्याकडं आलं ते विट्याच्या मामामुळं. त्याचं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान. तिथल्या फुटपाथवर त्याला हे पुस्तक दिसलं. आत किती चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचं नाणं, याचं कोष्टक होतं. परदेशातले सोन्याचे दर मिळाले म्हणून त्यानं ते घाईनं घेतलं. चार महिने त्यानं ते दर आपल्या बाजारभावाशी लावून बघितले, ते काही जमेनात, तेव्हा मला दिलं. मामानं भाच्याला भेट द्यायची आपल्याकडं रीत आहे. आमच्या मामानं साठ रुपये घेतले.

मी तेव्हा सांगलीत बी.कॉम.ला होतो. खोलीवर आम्ही तिघं: मी, पाटणचा हा मित्र आणि तासगावचा एक, ज्याच्या घरी बेदाण्याचं शेड होतं. वीस-वीस रुपये वर्गणी काढून पुस्तक तिघांच्या मालकीचं झालं. वीस बाजूंचा फासा पाहिजे, असं पुस्तकात लिहिलं होतं. सांगलीच्या पेठेत विचारलं, तर दुकानदारानं ल्युडोचा फासा पुढं केला आणि यालाच नीट टाका म्हणाला. मग आम्ही वीस चिंचोक्यांवर आकडे घातले आणि हळदीच्या नमुन्याच्या पिशवीत टाकले. पिशवीत हात घालायचा, येईल तो आकडा. त्या दोन वर्षांत आमच्या तिघांचीही बोटं कायम हळद लागल्यासारखी होती. लग्न मात्र कुणाचंच जमलं नव्हतं.

पुस्तकात योद्धा, चोर, जादूगार यांच्या जोडीला ‘क्लेरिक’ नावाचा एक माणूस होता. त्या वर्षी आम्ही तिघंही बँकेच्या क्लेरिकल ग्रेडच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो, त्यामुळे हा कोण हे विचारायची गरजच पडली नाही. हा कारकून. जखम बरी करणं हे त्याचं काम, आणि भुतं त्याला बघून पळतात. वरच्या श्रेणीला गेला की तो मेलेल्या माणसालाही जिवंत करू शकतो, असंही लिहिलं होतं. यात आम्हाला काही खटकलं नाही. तासगावच्याचा सख्खा चुलता सातबाऱ्यावर मयत लागला होता आणि त्याला पुन्हा जिवंत करून घ्यायला शेवटी कारकुनाकडंच जावं लागलं होतं. पुस्तक परदेशातलं असलं तरी लिहिणाऱ्यानं एखादं तालुक्याचं ऑफिस जवळून बघितलंय, एवढी खात्री पटली.

पाटणच्या मित्रानं कारकून घेतला. मी पंच. बेरीज-वजाबाकीत माझा हात कुणी धरत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत असे. खेळात प्रत्येकाला ठरावीक जीव मिळतात, घाव बसेल तसे कमी होतात, शून्य झाले की माणूस मेला; पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं हा जिवांचा हिशेब मी ठेवायचो. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या रविवारी कारकून विहिरीत पडला आणि मी त्याच्या नावापुढं ‘मयत’ लिहिलं. मित्राचं म्हणणं, माझ्याकडं मेलेल्याला उठवायची ताकद आहे, मी मला उठवतो. मी निर्णय दिला, की स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही. मेलेल्यानं भडंग द्यायचं, अशी आमची रीत होती. त्यानं नऊ रुपयांचं भडंग आणलं, स्वतः एक घास खाल्ला नाही, आणि खेळ तिथंच थांबला.

पुढं बँकेची नाही, पण महसूल खात्याची परीक्षा पास होऊन तो तहसील कचेरीत लागला. खराच कारकून झाला. पण माझ्या लग्नात, मुलीच्या बारशाला, वास्तुशांतीला, आमच्या वडिलांच्या दहाव्यालासुद्धा त्यानं मला बाजूला घेऊन तो निर्णय चुकीचा होता एवढं सांगितलंच. तीस वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. निर्णय बदलणारा पंच आणि ताळेबंद बदलणारा ऑडिटर यांना लोक एकाच नजरेनं बघतात.

आता पुण्याचा तरुण. तो अशी जुनी पुस्तकं जमवतो. माझ्या भाच्यानं आमच्या पुस्तकाचा फोटो कुठं तरी टाकला, आणि हा पाचव्या दिवशी गाडी घेऊन दारात. नवी पुस्तकं मिळत नाहीत का, असं पत्नीनं विचारलं, तर त्यानं मोबाइलवर दाखवली. रंगीत, गुळगुळीत, प्रत्येक शंकेला उत्तर तयार.

“त्यात सगळं दिलेलं असतं काकू,” तो म्हणाला, “म्हणूनच मजा येत नाही.”

हे वाक्य मला पटलं, हे मी त्याला सांगितलं नाही, कारण भाव ठरायचा होता. आमच्या पुस्तकात पन्नास फूट दोरीची किंमत आहे. मशाल किती वेळ जळते ते आहे. माणूस किती वजनाची नाणी उचलून किती वेगानं चालेल, याचं अख्खं पान आहे, आणि ते पान मी आजही झोपण्यापूर्वी वाचतो. पत्नी त्याला माझी पोथी म्हणते. पण विहिरीत पडलेल्या कारकुनाचं काय करायचं, ते कुठंच नाही. ते भांडून ठरवायचं. दोरीचा भाव लिहून देणारा आणि मरणाबद्दल गप्प बसणारा लेखक मला तरी विश्वासाचा वाटतो.

मालकी तिघांची, म्हणून दोघांची संमती घेणं भाग होतं. तासगावच्याचा बेदाण्याचा हंगाम. तो फोनवर दोन शब्द बोलला, “इकून टाक.” पाटणचा म्हणाला, मी येतो. आला आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसला.

तरुणानं पानं उलटून बघितली आणि अट घातली. पेन्सिल खोडून दिली तर बारा हजार. आहे तसं दिलं तर पाच. पेन्सिलीची पानं दाखवताना त्याची नजर ‘कारकून’ या शब्दावर गेली. त्यानं हसू दाबलं आणि अत्यंत नम्रपणे सांगितलं, की क्लेरिक म्हणजे क्लार्क नव्हे. तो देवाधर्माचा माणूस, पुजारी म्हणा हवं तर.

पत्नीला हसू आवरेना, ती चहा ठेवायला आत गेली. मित्र हसला नाही.

“म्हंजे मी देवळातला हुतो,” तो म्हणाला. “मग मला ऑफिसचा नियम कशापायी लावलास रं?”

मी म्हटलं, चूक तिघांची होती.

“निर्णय एकट्याचा हुता.”

मी खोडरबर हातात घेतलं. सात हजारांचा फरक होता. पण कागद फाडण्याआधी आणि आकडा खोडण्याआधी बेरीज तपासायची, ही माझी जुनी खोड. कारकुनाच्या जिवांचा रकाना वरून वाचत आलो. आरंभी तेवीस. कोळी चावला, सहा गेले, बाकी सतरा. सांगाड्याचा घाव, चार, बाकी तेरा. दाराचा सापळा, पाच, बाकी सात. विहीर, सात, बाकी शून्य. मयत.

पुन्हा वाचलं. तेरातून पाच गेले, बाकी सात.

खोलीत दुसऱ्या कुणालाही ते दिसलं नव्हतं. रबर माझ्या हातात होतं, दोन सेकंदांचं काम. वर बारा हजार. दुसऱ्यांच्या वह्यांतली अशी जागा मी आयुष्यभर लाल पेननं गोल केली आहे. मी पुस्तक मित्राकडं फिरवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं बोटांवर मोजून बघितलं.

“एक जीव ऱ्हातोय.”

“हो.”

“मग मेलाच न्हाई त्यो.”

“नाही.”

“तीस वरसं हिरीत बसलाय व्हय रं गड्या.” त्यानं चष्मा काढून पुसला. “आन मी भडंग वाटलं.”

मग त्यानं ते पान बंद करून पुस्तक काखेत धरलं आणि तरुणाला सांगितलं, की प्रकरण प्रलंबित आहे, कागद बाहेर जाऊ शकत नाही. हे तो कचेरीत रोज सांगत असावा, कारण तरुण एकदम उभाच राहिला. जाताना त्यानं चहा मात्र घेतला. तासगावच्याला फोन करून विक्री रद्द झाल्याचं आणि कारकून विहिरीत जिवंत असल्याचं कळवलं, तर तो म्हणाला, “मग मला दोरी घिऊन यायला कवा सांगताय?” बेदाणा संपला की, असं ठरलं.

त्या दिवशी प्रत्यक्ष दिलं गेलं ते असं. पुस्तकापोटी: कुणी कुणाला काही नाही. भडंगापोटी: रुपये नऊ, माझ्याकडून पाटणच्या मित्राला, एक पाचाचं नाणं आणि दोन दोनाची, पत्नीसमक्ष. त्यानं तीस वर्षांचं व्याज मागितलं. मी पुस्तक उघडून बघितलं. तशी काही तरतूद नाही.