पाण्याखालचं घर

डोंगामायला जमिनीवर झोप येत नसे. डोळा लागला की आपण कुठूनतरी खाली पडतोय असं तिला वाटे आणि ती दचकून उठे. म्हणून उन्हाळ्यात ती बाजेचे चारही पाय दोरांनी बांधून बाज जांभळाच्या फांदीला टांगायची आणि दुपारभर तिथे डुलत घोरायची. माझ्या बाबांनी एकदा तिला कारण विचारलं. ती म्हणाली, "जे हालत नाही ते मले मेल्यावानी लागते, दादा."

कन्हानच्या काठी, पारशिवनीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर आमच्या गावाचा घाट होता. तिथे डोंगामायचं हे मासेमार ढिवर कुटुंब डोंग्यातच, म्हणजे नावेतच राहायचं. रुंद पोटाचा लाकडी डोंगा, त्याच्या मागच्या अर्ध्या भागावर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, आणि त्या छपराखाली चूल, मडकी, देव आणि दोन कोंबड्या. नवरा आणि मुलगा सोमा जाळं टाकायचे. माणसं या काठावरून त्या काठावर नेताना डोंगा रेटायचा बांबू मात्र डोंगामायच्या हाती असे. तिच्या नवऱ्याचं नाव गावात कोणी घेतलेलं मला आठवत नाही. त्याला सगळे 'डोंगामायचा बुढा' म्हणत आणि तो खुशाल ओ देई.

उन्हाळ्यात नदी आटून रेती उघडी पडली की बाबा तिथे टरबुजांची वाडी लावायचे. वाडीवरची आमची झोपडी डोंगामायच्या जांभळापासून हाकेवर होती. चौथी पास झाल्यावर माझी शाळा सुटली आणि त्या उन्हाळ्यात मी दिवसभर वाडीवरच असे. मी कोणाशी बोलत नसे. येणारीजाणारी माणसं विचारायची, "पोरगी मुकी हाय का जी?" डोंगामायने कधी विचारलं नाही. ती जाळं विणायला बसली की सुताचं एक टोक माझ्या हातात द्यायची आणि आपली विणत राहायची. तिसऱ्या दिवशी काठावर लावलेला गळ हलला, तेव्हा मी आपणहून म्हटलं, "माय, गळाला मासा लागला." तिने मान वळवली नाही. "मंग काढ त्याले," म्हणाली. तेव्हापासून मी तिच्याशी बोलू लागले.

त्या दिवसांत घाटावर काम नसे. नदी गुडघ्याएवढी होई आणि माणसं चालतच पलीकडे जात. बुढा अस्वस्थ होऊन येरझारा घालायचा. डोंगामाय बाजेवरून म्हणायची, "नदी बसून राहिली न गा, मंग तू काहून धावून राहिला?" सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी निखाऱ्यावर भाजलेले झिंगे, मग टरबूज. टरबूज ती फडक्यात बांधून डोहाच्या तळाशी ठेवायची. बाहेर काढलं की त्याच्यावर गाल टेकवून आधी स्वतः थंड व्हायची आणि मगच कापायची. वाटेने जाणाऱ्या कोणालाही फोड मिळे. टरबूज आमच्याच वाडीतलं असे, पण आग्रह तिचा.

चैत्र सरता सरता ती डोंग्याला पाणी पाजायची. उन्हाने फळ्या वाळतात, सांधे उघडतात, म्हणून मृगाच्या आधी महिनाभर डोंगा पाण्याखाली ठेवतात. छप्पर काढून जांभळाखाली उभं करायचं, देव आणि कोंबड्या तिथे न्यायच्या, चूल मात्र जागेवरच राहू द्यायची, कारण ती दगडांची. मग डोंग्याच्या टोकाला हळदकुंकू लावून तो डोहाच्या कडेला न्यायचा आणि आत मोठाले दगड भरायचे. पाणी आत शिरू लागलं की डोंगामाय त्याच्या पाठीवर थोपटायची. "जाय बापा, पोटभर पे." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जोरात ओरडले होते. माझा एवढा मोठा आवाज बाबांनी तेव्हाच प्रथम ऐकला.

त्या वर्षी तिला एकच काळजी होती, सोमाच्या लग्नाची. दोन ठिकाणची माणसं डोंगा बघून परत गेली होती. ज्या घराला दार नाही, उंबरठा नाही, तिथे पोरगी कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. सोमा नुसता जाळ्याच्या गाठी आवळत बसायचा. तिसरं स्थळ पारशिवनीकडचं होतं. मुलगी त्याने तिकडच्या बाजारात पाहिली होती आणि त्याला ती फार आवडली होती. मुलीकडची माणसं मृगाच्या सुमारास घर पाहायला येणार होती. तोवर डोंगा वर काढून, करंजाचं तेल पाजून, नव्या तट्ट्यांनी सजवायचा असं ठरलं होतं.

पण ती माणसं वैशाखातच आली. त्यांची बैलगाडी कामठीकडे निघालीच होती, तेव्हा जाता जाता घर बघून घेऊ, असा त्यांनी विचार केला. मुलीचा बाप उतरला आणि मागून तिची आत्या उतरली. आत्या चांगली भरदार होती, घामाने निथळत होती. चहूकडे बघून ती म्हणाली, "घर पाहाले आलो, बाई. घर कुठी हाय?"

बुढ्याचा हात हळूहळू वर झाला आणि आमच्या झोपडीकडे वळू लागला. डोंगामायने तो धरून खाली केला.

"हात खाली घे गा. ते दादाचं घर हाय." मग तिने डोहाकडे बोट केलं. "आपलं तिथी हाय. पाणी पिऊन राहिलं."

मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. "बुडालं?"

"बुडालं नाही जी, बुडवलं."

"डोंगा हाय, हे मले ठाऊक होतं. पण आता मी पाहू तं काय पाहू?"

सोमाच्या हातातलं जाळं थांबलं होतं. मला वाटलं, आता गाडी वळणार. पण डोंगामायने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि आत्याचा हात धरला. "डोयानं दिसत नाही तं पायानं पाहा. या."

दोघी डोहात उतरल्या. पाणी कंबरेला लागलं. डोंगामायने तिला डोंग्याच्या काठावरून आत घेतलं आणि एकेक पाऊल पुढे नेत घर दाखवू लागली. "हे चूल. ठेच लागली न? मंग बराबर. हे निजाची जागा. इथी देव." आत्याही ढिवराचीच लेक. पायाच्या अंगठ्याने ती एकेक फळी चाचपत होती, सांधे दाबून बघत होती.

"लाकूड मजबूत हाय," ती म्हणाली. "पण उंबरठा? पोरगी माप कुठी लवंडन?"

"तुम्ही आता जो ओलांडला तो काय होता मंग?"

आत्या विचारात पडली. बाहेर ऊन रणरणत होतं. विचार करता करता ती चुलीशेजारी खाली बसली. पाणी गळ्याशी आलं. तिने डोळे मिटले आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"ताई, निघाचं न?" मुलीच्या बापाने काठावरून हाक दिली.

"तू जाय कामठीले. मी घर पाहून राहिली."

त्याने पुष्कळ हाका मारल्या. शेवटी धोतर वर खोचून तोही आत उतरला. मागोमाग बुढा आला, मग माझे बाबा टरबूज घेऊन आले. सगळे बुडालेल्या घरात गळ्याएवढ्या पाण्यात बसले, टरबूज मधोमध तरंगू लागलं, आणि तिथेच लग्न ठरलं. मी आणि सोमा काठावर होतो. तो जाळ्यात तोंड लपवून हसत होता.

डोंगा वर काढल्यावर लग्न झालं. सून रुपी आली. तिने डोंग्याच्या काठावरचं माप पायाने लवंडलं, तांदूळ आतही पडले, नदीतही पडले. पाण्यात माशांची झुंबड उडाली. डोंगामाय टाळ्या पिटत म्हणाली, "आमचे शेजारी पाहा, बलावल्याशिवाय जेवाले आले!"

त्या काळच्या रीतीप्रमाणे दुसऱ्याच वर्षी माझं लग्न होऊन मी नागपुरास गेले. निघाले त्या दिवशी नदी भरून वाहत होती. डोंग्यात वऱ्हाड बसलं. मी डोळे पुसत डोंगामायला शोधत होते, तर बांबू रुपीच्या हातात होता. डोंगामाय वऱ्हाडाच्या मधोमध मांडी घालून बसली होती, पाहुण्यासारखी हात मांडीवर ठेवून. तिला असं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. धारेत डोंगा कलला, बायका किंचाळल्या. तिने बांबूकडे हातसुद्धा नेला नाही. रुपीने डोंगा सावरला. तेव्हा डोंगामायने मला कोपराने ढोसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाह्यलं का वं? माह्या सुनेचं घर कसं चालते ते!"