हरेशचा डेक

माझा दोस्त हरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेळीच्या गोदामात ट्रक खाली करून घेत होतो. फोन सुरेखावहिनींचा, त्याच्या बायकोचा. "भाऊजी, लवकर या," एवढंच त्या म्हणाल्या. भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात लूमची दुरुस्ती करता करता त्याच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या मोबाइलवर त्याचा सकाळचा निरोप पडून होता, दुपारी एक डाव टाकू म्हणून...

आमचा खेळ मोबाइलवरचा, कार्डांचा. कार्डं निवडून ज्याने त्याने आपला संच बांधायचा, त्याला डेक म्हणायचं. डावात मेलेली कार्डं खेळातल्या स्मशानात जाऊन पडतात. बाकीचे खेळाडू आपली कार्डं जिवापाड जपतात. आमचा हरेश ती मुद्दाम मरू द्यायचा आणि डाव हातचा गेलाय असं वाटत असताना एकेकाला स्मशानातून उठवून समोरच्याला घाम फोडायचा. जेवणाच्या सुट्टीत लूमवरचे कारागीर त्याच्याभोवती गोळा व्हायचे. कुणी म्हणालं, हरेशभाई, अब तो गए, की हा शांतपणे म्हणायचा, "रुक जा, अभी तो मय्यत उठी है, तेरहवीं बाकी है." तो डेक त्याने लग्नाआधी, अंजूरला आमच्या ओट्यावर बसून बांधला होता. तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून सपाटून मार खाल्ला होता. काय दिवस होते ते!

दहाव्याला दिघाशीला, त्याच्या गावी, नदीवर पिंड ठेवले, तर कावळा शिवेना. झाडावर चांगले चार-पाच बसून होते, पण एकही खाली येईल तर शपथ. तुझ्या मुलीला शिकवू, घराचं काम पुरं करू, अशी भावकीची सगळी आश्वासनं देऊन झाली. दर्भाचा कावळा करायची बोलणी सुरू झाली तेव्हा मला राहवलं नाही. हात जोडून म्हणालो, "हरेश, तुझ्या डेकला मी हात लावणार नाही. आहे तसा ठेवीन." आणि कावळा उतरला. डेक म्हणजे काय, हे त्याच्या मामांना समजावता समजावता परतीच्या वाटेवर माझ्या नाकी नऊ आले.

वहिनींनी त्याचा मोबाइल माझ्याकडे सोपवला. त्यावर मी त्याचाच डेक खेळत राहिलो. मग खेळाचं नवं अपडेट आलं आणि हरेशचं उठवणारं मुख्य कार्ड पार लंगडं झालं. कुणीही येऊन हरवून जायचं. खेळत होतो मी, पण पडद्यावर हरताना नाव दिसायचं हरेशचं. ते मला बघवेना. डेक बदलावा तर नदीवर दिलेला शब्द मोडतो, न बदलावा तर हरेश हरतो. शेवटी एका रविवारी मोबाइल परत करायला दिघाशीला गेलो. वहिनी ओटीवर मेथी निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"कावळ्याला भूक लागली, म्हणून उतरला तो," त्या म्हणाल्या. "लूमचा पार्ट झिजला की हे बदलायचे, का अगरबत्ती लावून बसायचे? मला त्यातलं काय कळत न्हाय, पण त्यांना हरवू नका."

तिथेच बसून बदल केले. प्रत्येक जुनं कार्ड काढताना त्याला विचारावंसं वाटत होतं, आणि विचारायला तो नव्हता, हे त्या दिवशी मला फार लागलं. मग डाव टाकला. वहिनी भाजी सारून जवळ सरकल्या. माझी कार्डं भराभर पडत गेली. ही सगळी मेली का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं. मग नव्या कार्डाने एकेकाला उठवायला लागलो, आणि थोड्या वेळाने समोरच्याने हार मानून डाव सोडून दिला.

"आली परत?" वहिनींनी विचारलं.

"आली."

"सगळी?"



"कार्डं सगळी आली, वहिनी."

त्यांनी मान डोलावली आणि मेथीची परात पुन्हा पुढ्यात ओढली.